आधी टोकन, मग छत

घर बघायला गेले तेव्हा मी काय काय बघितलं ते सांगते, हसू नका. स्टेशनपासून चालत किती मिनिटं (अकरा, घड्याळ लावून). किचनमध्ये आमचा फ्रिज बसेल का. हॉलमध्ये वारा येतो का. समोरच्यांच्या दारात चपला किती, म्हणजे घरात माणसं किती. आणि छत? छताखाली पांढरंशुभ्र पीओपीचं खोटं छत होतं, कडेने लपवलेले पिवळे लाईट होते, मी वर बघून "छान केलंय हो काकू" म्हटलं आणि चहा प्यायले.

आम्ही आठ वर्षं कळव्याला भाड्याने राहत होतो. माझं ऑफिस तुर्भ्याला, नवऱ्याचं बेलापूरला, रोज आधी ठाण्याला यायचं मग ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, त्यामुळे नेरूळचं घर म्हणजे दोघांच्या आयुष्यातले रोजचे दोन तास परत मिळणार होते. वन बीएचके, रीसेल, चौथा मजला, शेवटचाच. लिफ्ट नाही. बिल्डिंग एकोणतीस वर्षांची. काका-काकू जवळजवळ पहिल्यापासून तिथेच राहिलेले, आता मुलाकडे पुण्याला चाललेले. किंमत ७९ लाख. मे महिन्यातला शनिवार होता, एजंट म्हणाला उद्या दुसरी पार्टी येतेय, आणि मी, जी ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तीन-तीनदा तपासते, त्या बाईने उभ्या उभ्या ५१ हजार टोकन दिलं. पावतीवर "परत मिळेल की नाही" याबद्दल एक अक्षर नव्हतं. आता कोणी विचारलं तर मी सांगते की टोकनच्या पावतीवर एवढंच लिहून घ्या, इंजिनियरच्या तपासणीत किंवा कागदपत्रांत मोठी अडचण निघाली तर टोकन पूर्ण परत. दोन ओळी. एजंट तोंड वाकडं करतो, करू दे.

बँकेचा माणूस येऊन गेला की आपल्याला वाटतं चला घर तपासून झालं. आमच्याकडेही आला, लेसरने मापं घेतली, खिडकीचा फोटो, दाराचा फोटो, बाहेरून बिल्डिंगचा एक फोटो, जेमतेम दहा मिनिटं. त्याचं काय चुकलं नाही म्हणा, तो बँकेचं कर्ज वसूल होण्याइतकी या घराची किंमत आहे का आणि कर्ज फिटेपर्यंत बिल्डिंग उभी राहील का एवढं बघायला आलेला, तुमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहे का याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

माझा मावसभाऊ सिव्हिल इंजिनियर आहे, ठाण्यात बिल्डिंग रिपेअरचीच कामं करतो. त्याला मेमध्येच फोन केला तर म्हणाला, आत्ता नाही येणार. पाऊस पडू दे. मेमध्ये सगळी घरं चांगली दिसतात. मला तेव्हा राग आला होता कारण एजंट रोज फोन करून ॲग्रीमेंटची तारीख मागत होता. पण थांबलो. जूनमध्ये सलग दोन दिवस चांगला पडल्यावर दादा आला, पाठीला सॅक, सॅकमध्ये छोटी हातोडी, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर आणि एक फवारा बाटली, झाडांना पाणी मारायची असते तसली.

त्याने आल्या आल्या चहा नको म्हणून सांगितलं (काकूंना ते आवडलं नाही) आणि भिंती वाजवायला सुरुवात केली. हॉल ठीक. किचनच्या दाराच्या चौकटीत खालच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर टोचला तो सरळ आत गेला, वाळवी, पण जुनी, म्हणाला चौकट बदला विषय संपला. बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी असते ती, तिच्याभोवतीचं सिमेंट गेलेलं, लाद्यांमधल्या फटीतलं ग्राउट गेलेलं. गीझरच्या पॉईंटला अर्थिंगच नाही, वायरिंग बिल्डिंगच्या वयाचं. हे सगळं तो बोलत होता आणि मी वहीत लिहीत होते, तोपर्यंत मी बऱ्यापैकी निवांत होते.

मग बेडरूम. पीओपीतला एक गोल लाईट त्याने हलकेच खाली ओढला, वायरीसकट लोंबकळता ठेवला आणि त्या भोकातून मोबाईल वर घालून व्हिडीओ काढला. खाली उतरून मला दाखवला. आधी काही कळेना. राखाडी, तपकिरी काहीतरी, मग टॉर्चचा उजेड सरकला आणि दोन सळया दिसल्या, उघड्या, लालभडक गंजलेल्या, आणि पीओपीच्या पाठीवर पडलेले काँक्रीटचे पापुद्रे. म्हणजे आम्ही ज्याच्याकडे बघून छान केलंय म्हटलं ते छत म्हणजे पडणारा माल झेलायला लावलेली ताटली होती.

काका दारात उभे होते. म्हणाले, "सत्तावीस वर्षं राहिलो, कोणाच्या अंगावर काही पडलं नाही."

दादाने काकांना विचारून त्याच कोपऱ्यातल्या बीमचा हाताएवढा भाग हातोडीने मोकळा केला. आधी वाजवला तेव्हा बाकीचा बीम टणटण आणि तेवढा भाग बदबद, पोकळ. उघड्या काँक्रीटवर त्या बाटलीतलं पाणी मारलं. ते पाणी नव्हतं, फिनॉल्फ्थलीन होतं, आपण शाळेच्या लॅबमध्ये टायट्रेशनला वापरायचो ते (आणि पूर्वी जुलाबाच्या गोळीतही हेच असायचं, हे दादाने त्या परिस्थितीत सांगायची गरज नव्हती). काँक्रीट चांगलं असेल तर मारल्या मारल्या गुलाबी होतं. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो, काकूसुद्धा. काही झालं नाही. राखाडीचं राखाडी. अजून थोडं आत खोदल्यावर एक फिकट गुलाबी कड दिसली.

याचा अर्थ असा की चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच बारा-तेराच्या आसपास असतो, आणि तेवढा असेपर्यंत आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साईड आत शिरत जातो आणि तो पीएच उतरतो, नऊच्या खाली गेला की सळईचं कवच गेलं. त्यात वरून पाणी, त्यात खाडीची खारी हवा. नेरूळ-सीवूड्सला फ्लेमिंगो येतात म्हणून आपण रील टाकतो ना, त्याच खाडीचा वारा खिडकीच्या ग्रिलला आणि बीमच्या सळईलाही लागत असतो. आणि सळई गंजली की फुगते, गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जास्त जागा लागते, ती जागा काँक्रीट देत नाही मग काँक्रीट फुटतं. प्लास्टर फुगलं म्हणून आपण पुट्टी मारतो तेव्हा आत हे चाललेलं असतं.

त्या रात्री घरी आमचं भांडण झालं. नवरा म्हणे सोडून देऊ, ५१ हजार गेले तर गेले. मी म्हणे मग दुसरं घर बघू तिथेही तीस वर्षांचीच बिल्डिंग असणार, आपल्या बजेटमध्ये नेरूळला काल बांधलेलं कोण देणार आहे. दोघंही बरोबर होतो, म्हणून भांडण लांबलं.

दादाने दुसऱ्या दिवशी फोनवर एकच प्रश्न विचारला, दोष किती आहेत ते सोड, प्रत्येक दोष कोणाच्या हातातला आहे ते लिही. म्हणून मी वहीत परत लिहायला बसले आणि खरंच चित्र बदललं. वायरिंग, चौकट, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग हे सगळं माझ्या हातातलं, पैसे टाकले की होणारं, यादी लांब असली तरी किरकोळ. बेडरूमचं छत आतून मी दुरुस्त करीन, गंज घासायचा, सळईला कोटिंग, पॉलिमर मॉर्टर, पण पाणी वरून येतंय आणि वर गच्ची आहे, गच्ची सोसायटीची. तिथून पाणी थांबलं नाही तर माझं पॉलिमर मॉर्टर दोन पावसाळे टिकेल. आणि बाकीच्या बिल्डिंगचे कॉलम-बीम कसे आहेत हे तर माझ्या हातातही नाही आणि डोळ्यासमोरही नाही. म्हणजे ज्या वाळवीने मी घाबरले ती दहा हजारांची, आणि खरा प्रश्न माझ्या दाराच्या बाहेर होता.

गच्चीवर गेलो. पत्र्याची शेड आहे, नवी मुंबईत निम्म्या गच्च्यांवर असते तशी. सेक्रेटरी म्हणाले शेड टाकल्यापासून गळती बंद. दादाने शेडच्या कडेला जाऊन खाली वाकून बघितलं आणि हसला. शेडला पन्हळच नव्हती. एवढ्या मोठ्या पत्र्यावरचं सगळं पाणी एका कडेने खाली, थेट पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात, आणि तिथला कोबा फुटलेला. बरोबर आमच्या बेडरूमच्या डोक्यावर. म्हणजे शेडने पाऊस अडवला आणि गोळा करून एका जागी ओतला.

आता स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी. हाऊसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधीत (सोसायटीच्या नियमांचा सरकारी नमुना) लिहिलेलं आहे की इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे गेली की दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं. मी सेक्रेटरींना रिपोर्ट मागितला तर म्हणाले तुम्ही अजून मेंबर नाही. बरोबर आहे, नाही. पण काका मेंबर होते, आणि सभासदाला सोसायटीचे कागद बघायचा हक्क असतो. काकांनी लेखी अर्ज दिला आणि बारा दिवसांनी झेरॉक्स मिळाली. घर विकणारा माणूस हा अर्ज करायला तयार होतो का, यावरूनही पुष्कळ कळतं.

रिपोर्टचं पहिलं पान बघून मला काही कळलं नाही पण शेवटचं पान सोपं असतं. तिथे एक वर्ग लिहिलेला असतो. सी-वन म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-टू-बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती. सी-थ्री म्हणजे किरकोळ. आमची सी-टू-बी होती. दादा म्हणाला, यातलं वरचं काही असतं तर मी तुला पुढे एक पाऊल टाकू दिलं नसतं, रीडेव्हलपमेंटचं स्वप्न बघून घेणारे घेतात, पण तू कर्ज काढून घेतेयस, भाडं आणि हप्ता दोन्ही किती वर्षं भरशील.

रिपोर्टबरोबर अजून एक गोष्ट बाहेर आली जी कोणीच बोललं नव्हतं. दुरुस्तीसाठी प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख ४० हजार काढायचं जनरल बॉडीत ठरलेलं, बिलं अजून निघाली नव्हती. आम्ही सप्टेंबरमध्ये मेंबर झालो असतो आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं बिल आमच्या नावाने आलं असतं.

वकील मॅडमना विचारलं की काकांनी हे सांगायला हवं होतं का. त्या म्हणाल्या, १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये आहे की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायला पाहिजे. पण त्याला माहीत होतं हे दाखवायचं तुम्हाला, आणि तेही कोर्टात, तेव्हा कोर्टाचा विचार करू नका, टेबलावर बोला. आणि नव्या बिल्डिंगला रेरा कायद्यात बिल्डरवर पझेशनपासून पाच वर्षं दोष दुरुस्त करायची जबाबदारी असते ती एकोणतीस वर्षांच्या रीसेलला कुठून मिळणार, तो विषयच काढू नका.

टेबल म्हणजे काकूंचं डायनिंग टेबल. मी एक्सेल घेऊन गेले, सवय. छत आणि बीम ९५ हजार, बाथरूम-टॉयलेट लाद्या काढून पूर्ण वॉटरप्रूफिंग १ लाख १० हजार, वायरिंग ६० हजार. एकूण २ लाख ६५ हजार. वाळवीची चौकट मी मुद्दाम घातली नाही, पडदे, रंग, ट्रॉल्याही नाही. एजंटने आधी बाजूला घेऊन सांगितलेलं, पाच मागा मॅडम, अडीच मिळतील. मी पाच मागितले नाहीत. कारण पाच मागितले की काका आकड्यावर भांडणार, आणि मला ते छतावर बोलायला हवे होते. मोबाईलवरचा व्हिडीओ त्यांना परत दाखवला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पीओपी मुलाने लग्नाच्या वेळी करून घेतलं, तेव्हा सुताराने सांगितलं होतं वर थोडं पडलंय, आम्ही म्हटलं झाकलं जाईल. काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, अहो मी तेव्हाच म्हणत होते. त्या क्षणी मला त्या दोघांचा राग यायचा बंद झाला, खरं सांगते. फसवायचं नव्हतं त्यांना. आपण सगळेच झाकतो आणि मग विसरतो की झाकलंय.

काकांनी आधी सुचवलं की मीच दुरुस्त करून देतो. ऐकायला बरं वाटतं पण हे घेऊ नका. जो माणूस दोन महिन्यांत घर सोडणार आहे तो सगळ्यात स्वस्त माणसाकडून वरवरचं करून घेणार, आणि प्लास्टर होऊन रंग लागला की आत सळई घासली की नाही हे कोणाचा बाप सांगू शकत नाही. आम्ही किंमत कमी करा म्हटलं. अडीच लाख कमी झाले. ७६ लाख ५० हजार.

इथे एक हिशोब सांगते जो मला स्वतःला घरी येऊन कळला आणि मी अकाउंटंट आहे. बँक आम्हाला ८० टक्के कर्ज देत होती. ७९ लाखांवर ६३ लाख २० हजार, ७६.५० वर ६१ लाख २० हजार. म्हणजे किंमत अडीच लाखांनी उतरली तरी कर्जही दोन लाखांनी उतरलं, माझ्या हातात राहिले फक्त ५० हजार, आणि दुरुस्ती तर २ लाख ६५ हजारांची, रोख, राहायला जायच्या आधी. सवलत मिळाली ती वीस वर्षांच्या हप्त्यांत आणि खर्च आला तो दिवाळीच्या आधी. आईच्या दोन पाटल्या गहाण ठेवून भागवलं, सुटल्या आता.

आणि हे सगळं ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधीच ठरवा, कारण स्टँप ड्यूटी भरून झाल्यावर किंमत बदलणं म्हणजे सगळ्यांनाच डोकेदुखी. स्टँप ड्यूटी रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत आणि ॲग्रीमेंटची किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागते, त्यामुळे किंमत रेडी रेकनरच्या खाली आणली तरी त्या खालच्या भागावर ड्यूटी वाचत नाही. एजंट सुचवतो की ॲग्रीमेंटमध्ये किंमत जुनीच ठेवा, अडीच लाख काका रोख परत देतील. नको. नकोच.

सोसायटीच्या १ लाख ४० हजारांचं वेगळं घोडं. माझी कल्पना होती की तेवढे पैसे आमच्याकडे राखून ठेवायचे, बिल आलं की भरायचे. बँकेने उडवून लावली, तुमचा हिस्सा पूर्ण भरल्याची पावती दिल्याशिवाय आम्ही चेक काढणार नाही. मग वकील मॅडमनी मार्ग काढला, काकांनी ते पैसे सोसायटीच्या खात्यात दुरुस्ती निधी म्हणून आगाऊ भरले, पावती घेतली, आणि ती पावती ॲग्रीमेंटला जोडली. त्यात एक ओळ, हस्तांतरणाच्या तारखेआधी सभेत मंजूर झालेली वर्गणी विकणाऱ्याची. सेक्रेटरींनी ट्रान्सफर प्रीमियमचे, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ते पैसे, जास्त मागून बघितले, ते महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेता येतात, सांगितल्यावर शांत झाले. बाकी सिडकोची ट्रान्सफरची परवानगी वगैरे नवी मुंबईचं जे असतं ते झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त वेळ धरून ठेवा.

गच्चीची पन्हळ? ती बसवायचं काकांनीच सोसायटीला दिलेल्या अर्जात लिहिलं होतं, जाता जाता. ऑगस्टमध्ये बसली. १८ हजार रुपये आले सगळे मिळून, सोसायटीचे. सत्तावीस वर्षांच्या शेजाऱ्याच्या शब्दाला जे वजन होतं ते माझ्या एक्सेलला आलं नसतं.

पीओपी आम्ही परत लावलंच नाही. छत उघडं आहे, पांढरा रंग मारलेला, बीमवर दुरुस्तीचा जोड नीट दिसतो. पाहुणे वर बघून विचारतात लाईट का नाही केले. पहिल्या पावसाळ्यात मी रात्री उठून टॉर्च मारून बघायचे, नवरा म्हणायचा झोप. कोरडं होतं. दुसऱ्या पावसाळ्यातही कोरडं.

फक्त मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आहे, आमच्या टॉयलेटच्या पाईपच्या जागी. त्या म्हणाल्या नवीन नाही, तुमच्या आधीपासून आहे, काकांना सांगत होतो आम्ही. दादाने माझ्या घरातली एक एक लादी वाजवली होती, पण खालच्यांचं दार वाजवून "तुमचं छत बघू का" हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. लाद्या काढून केलेलं वॉटरप्रूफिंग जवळजवळ दोन वर्षांपूर्वीचं, त्यात पाईपचा भाग ठेकेदाराने चुकवला की पाईपच फुटलाय ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि आतल्या पाईपची गळती म्हणजे खर्च माझा. रविवारी प्लंबर येतोय. काकूंना सांगितलंय, तो आला की आधी तुमच्याकडे घेऊन येते, खालून बघायला.